गावंडे भगिनींची पुण्याची फेरी

टाळ्या पडल्या त्या निर्मलाचा आवाज फाटला तेव्हा.

ती दुसऱ्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात होती. हळू गात होती, खालच्या सुरात गात होती, म्हणजे ती खरं तर जशी गाते तशी. पुढच्या रांगांतून एक माणूस मोठ्यांदा म्हणाला, "अहो, मशीन बिघडलंय तुमचं. स्लो वाजतंय." हॉलमध्ये हशा झाला. कोपऱ्यात मशीनवर बसलेल्या माणसाने मान डोलावली आणि गाणं चालू असतानाच कुठलंसं बटण फिरवलं. वाद्यं पळायला लागली. विहिरीवरची मोटर सुरू होताना आवाज चढत जातो तसा सूर वर चढत गेला. निर्मला त्याच्या मागे गेली. तिने जन्मभर तेच केलं आहे. वाद्य जाईल तिकडे गाणाऱ्याने जायचं. वरच्या जागेवर तिचा आवाज जुनं लुगडं फाटावं तसा फाटला. पण तोवर लोकांना गाणं ओळखू आलं होतं. म्हणून टाळ्या पडल्या.

मी शेजारी उभी होते. दुसरा आवाज माझा. मी गात राहिले, कारण दोघींनी तोंड मिटलं तर पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. निर्मलाने माइक तोंडाशी धरला आणि मशीनवाल्याला म्हणाली, "दादा, राहू द्या." ते कुणी ऐकलं नाही. तोवर सगळा हॉलच गायला लागला होता.

आता पहिल्यापासून सांगते. मी विमल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, कारंज्याच्या पलीकडे. निर्मला माझी धाकटी बहीण. आम्ही दोघी भजनात गायचो, मग लग्नात गायला लागलो, आणि कॅसेटच्या काळात पुण्याच्या एका कंपनीने आमची कॅसेट काढली. त्यातली दोन गाणी चालली. 'भोंगा वाजव मोटारवाल्या' आणि 'चष्मेवाला पाव्हणा'. दोन्ही गाणी वरातीत, गणपतीत, रसवंतीवर सगळीकडे वाजली. अजून वाजतात. लोकांना गाणी माहीत आहेत, गावंडे भगिनी माहीत नाहीत. कॅसेटच्या शेवटी कापूस वेचणीचं एक गाणं होतं, निर्मलानेच रचलेलं. त्यावर कुणाला नाचता आलं नाही, त्यामुळे ते कुणी ऐकलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅसेटवरचा आवाज आमचा नाही. म्हणजे आमचाच आहे, पण कंपनीने तो पळवला. गाणी वेगात वाजतील असं काहीतरी करून ठेवलं, त्यामुळे आवाज बारीक झाला, शाळेतल्या पोरींसारखा. कॅसेट घरी आली तेव्हा आमच्या आईने विचारलं, "ह्या कोणाच्या पोरी व?" तेव्हापासून जिथे जाऊ तिथे लोकांना त्या पोरी हव्या असायच्या. ऑर्केस्ट्रावाले कॅसेटच्या पट्टीत वाद्यं लावायचे आणि निर्मला टाचा वर करून गायची. माझं बरं होतं, मी दुसऱ्या आवाजाची, मला खाली राहता यायचं.

मागच्या वर्षापासून निर्मलाचा आवाज घोगरा झाला. नंतर घास अडकायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं, घशात गाठ आहे, पुण्याला जा. याच सुमारास पुण्याहून एका कार्यक्रमवाल्याचा फोनही येत होता. आम्ही म्हटलं, एका तिकिटात दोन कामं होतील.

कर्वेनगर

पुण्यात माझ्या मुलीची मुलगी प्राची राहते. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिचं घर कर्वेनगरात सातव्या मजल्यावर आहे. खिडकीतून टेकडी दिसते, आणि टेकडीला न विचारता तिच्यावर चढत गेलेल्या इमारती दिसतात. खाली रस्त्याला कॉलेजातली पोरंपोरी गाड्यांवरून जातात. कुणी कुणाला वाट देत नाही, पण शिवीही देत नाही, नुसतं बघतात. आमच्याकडे शिवी देतात आणि मग वाट देतात.

प्राचीने आमटी केली होती. त्यात गूळ होता. मी विचारलं, "हे वरण हाय का खीर?"

"आजी, इथे असंच करतात. तू ठेचा आणलायस ना, तो खा."

मी ठेचा खाल्ला. निर्मलाने तोच गोड वरणभात कालवून पातळ करून घेतला. तिला तोच गिळता आला. ती म्हणाली, "चांगला लागते. तुले काय समजते?" 

दुसऱ्या दिवशी दवाखाना. मोठा दवाखाना, जमीन एवढी गुळगुळीत की निर्मला माझा हात धरून चालली. डॉक्टर तरुण होता, नीट बोलणारा. त्याने कागदावर घशाचं चित्र काढलं आणि त्यातला एक भाग पेनाने खोडला. म्हणाला, "आजी, हे सगळं काढावं लागेल. गळ्याला पुढून एक छिद्र राहील, श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचेल. आवाज नाही राहणार."

निर्मलाने विचारलं, "थोडासाबी?"

"बोलण्यासाठी नंतर मशीन मिळतं. शिकावं लागतं. गाणं विसरा."

मी विचारलं की हे गाण्यामुळे झालं का. तो म्हणाला, "गाण्यामुळे नाही. तंबाखूमुळे." निर्मला खर्रा खायची. मीही खाते. तिला झालं, मला नाही. त्यात काही न्याय नाही, आणि मी तो शोधतही बसले नाही.

निर्मलाने डॉक्टरला विचारलं की कार्यक्रम होईपर्यंत थांबता येईल का. तो चिडला. मग म्हणाला, आठवडाभर थांबू, त्याच्यापुढे मी जबाबदार नाही. लिफ्टमध्ये निर्मला मला म्हणाली, "ताई, माह्या पट्टीत एकदा लोकायनं मले ऐकलं पाह्यजे. मंग कापा म्हणावं." तिला पुण्यात दुसरं काहीही बघायचं नव्हतं.

संध्याकाळी कार्यक्रमवाला घरी आला. अभिजित त्याचं नाव. दाढी राखलेला, पाया पडणारा. त्याचा कार्यक्रम असा होता की ज्यांची दोनच गाणी गाजली त्यांनाच बोलवायचं. निर्मलाने कापूस वेचणीच्या गाण्याचं विचारलं.

"नाही हो आजी, तिसरं नको. कॉन्सेप्टच तो आहे ना. दोन म्हणजे दोन."

"बरं. मंग दुसरं गाणं आमच्या पट्टीत गातो. हळू."

तो प्राचीकडे बघायला लागला. प्राची म्हणाली, "इट्स हर लास्ट शो, यार." तो म्हणाला, "ओके. पहिलं कॅसेटसारखं करू, दुसरं तुमच्यासारखं. पण ट्रॅक तुम्ही आणायचा. माझ्याकडे वादक नाहीत, सगळं ट्रॅकवर आहे." ट्रॅक म्हणजे नुसती वाद्यं, गाण्याशिवाय. पूर्वी वादक असायचे, त्यांना डोळ्याने खुणावता यायचं. ट्रॅकला खुणावता येत नाही.

मार्केट यार्ड

प्राचीच्या मजल्यावरची चार बिऱ्हाडं मिळून आठवड्याची फळं-भाजी मार्केट यार्डातून आणतात आणि जिन्यात बसून वाटून घेतात. मला ते आवडलं. या आठवड्याची पाळी प्राचीची होती. आम्ही दोघी सोबत गेलो, निर्मलाला पपया हव्या होत्या.

एवढी भाजी मी एका जागी कधी पाहिली नव्हती. कोथिंबिरीचे ढीग माणसाच्या उंचीचे. चिखल, सडक्या कोबीचा वास, आणि पाठीवर पोती घेऊन पळणारे हमाल, ते "वाट, वाट" म्हणतात आणि तुम्ही बाजूला झालात की नाही ते बघत नाहीत. मी एकदा पालेभाजीच्या ढिगात बसले. पडले म्हणत नाही, बसले. भाजीवाली म्हणाली, "बसा मावशी, मेथीच हाय, काटं न्हाईत."

पपईच्या गाळ्यापाशी एक हमाल चहा पीत उभा होता. त्याचा फोन वाजला आणि फोनमधून 'भोंगा वाजव मोटारवाल्या' सुरू झालं. निर्मला त्याच्याकडे गेली. आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हे मी गायलं."

त्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मावशी, चेष्टा करता व्हय?"

"खरंच. मी अन् ही माही बहीण."

"आवं, ती बाई तरणी हाय. आवाज ऐका की. कसा बारीक हाय, टाचणीवानी. आन् तुमचा..." तो थांबला. वाईट माणूस नव्हता. "तुमचा पण चांगला हाय," म्हणाला, आणि आमची पपईची पेटी उचलून रिक्षापर्यंत आणून दिली.

रिक्षात निर्मला पेटीवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "त्याचं काय चुकलं? मले तरी कुठं ओळखू येते?" बोलताना तिला दुखत होतं.

शनिवार पेठ

आमची गाणी ज्यांनी रेकॉर्ड केली ते लिमये अजून होते. स्टुडिओ गेला, त्या जागी दुकानं झाली. त्यातल्या एका लहान दुकानात ते बसतात आणि लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवून देतात. प्राचीने त्यांना फोनवर शोधून काढलं आणि आम्हाला तिथे घेऊन गेली.

"बसा," लिमये म्हणाले. "त्या खुर्चीवर पंखा येत नाही. या खुर्चीवर येतो, पण ही माझी आहे."

आम्ही बसलो. निर्मलाने सांगितलं काय हवं ते. लिमयांना आम्ही आठवत होतो. माणूस म्हणून नाही, पट्टी म्हणून. "अहो, तुम्ही काळी एकच्याही खाली गायला होतात. पुरुषाच्या पट्टीत. मालक म्हणाले, या बाया तरुण करा. मी केल्या."

मी विचारलं, "आम्हाला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता." ते कॉम्प्युटरकडे वळले. "आणि मग ती गाणी आज कुणाला माहीत असती? तुम्हीच सांगा."

मी माझी खुर्ची पंख्याखाली ओढली.

त्यांनी 'चष्मेवाला पाव्हणा' लावलं, आवाज बाजूला काढला, नुसती वाद्यं ठेवली आणि ती सावकाश खाली आणत गेले. ढोलकी जड झाली. पेटीचा चिरकेपणा गेला. एका जागी निर्मलाने हात वर केला. "इथंच." आणि दुकानातच, रस्त्याला तोंड करून, ती गायला लागली. आवाज खरबरीत होता, मध्ये मध्ये वारा सुटायचा, पण सूर जागेवर होता. चष्मेवाल्या पाव्हण्याचं ते गाणं विनोदी आहे. त्या पट्टीत ते विनोदी राहिलं नाही. पाव्हणा येणारच नाही हे त्या बाईला माहीत आहे, असं वाटायला लागलं.

लिमये चष्मा पुसत म्हणाले, "असं होतं होय हे."

मी तिला पुरे म्हटलं. म्हटलं, कार्यक्रमासाठी ठेव. तिने कडवं पूर्ण केलं नाही.

बाहेर पडल्यावर आम्ही एका हॉटेलात गेलो. मी मिसळ खाल्ली. पुण्याच्या मिसळीत पोहे असतात आणि वर तिखट नसल्याची माफी म्हणून वेगळा रस्सा देतात. निर्मलाने थंड दूध घेतलं. आनंदात होती. मला म्हणाली, "खाय ना व, माह्याकडं काय पाहून राह्यली?" 

हॉल

हॉल कर्वेनगरातच होता. मंचाच्या मागच्या खोलीत भिंतीवर कागद लावला होता: 'प्रत्येकी दोनच गाणी. तिसऱ्याचा आग्रह धरू नये, धरल्यास पडदा पडेल.' खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'पडदा अडकतो.'

तिथे आमच्यासारखीच माणसं बसली होती. एक पिवळा गॉगल घातलेला माणूस होता, त्याचीही दोनच गाणी. आता विमा विकतो. गॉगल डोळे आले म्हणून नव्हता, गाण्यात होता म्हणून होता. त्याने आम्हाला बसायला जागा दिली आणि सांगितलं, "मी एकच गातो. दुसऱ्याच्या वेळी लोक स्वतःच गातात. मी पाणी पितो."

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"घसा राहतो चांगला."

दुसरं एक तिघांचं पथक होतं. त्यातले दोघे वारले होते, म्हणून त्यांचे जावई आले होते. जावयांना गाता येत नव्हतं, पण हातवारे बरोबर होते.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. आमच्याकडे पाहुणे आल्यावर सुरू होतो. 'भोंगा वाजव' झालं. त्यात आवाज कॅसेटचाच होता, आम्ही नुसते ओठ हलवले. लोक उभे राहून नाचले, फोन वर धरले. त्या बारीक आवाजाला त्यांनी शिट्या मारल्या, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या खाली वाकून नमस्कार करत होतो. मग निर्मलाने मशीनवाल्याला खूण केली, त्याने आमचा ट्रॅक लावला.

पुढचं मी सांगितलंच आहे. चूक कुणाची, तर मशीनवाल्याची म्हणता येत नाही. अभिजितने त्याला सांगितलं नव्हतं की हे असंच हळू आहे. आणि त्या माणसाला ते गाणं लहानपणापासून पाठ होतं. ते खाली वाजायला लागल्यावर त्याला बिघाडच वाटणार. नंतर तो मागे आला, चाळिशीचा, घामाघूम, खूश. म्हणाला, "मावशी, वाचलो. ट्रॅक चुकीच्या स्पीडला आला होता, मी पकडला लगेच. नाहीतर गाणं गेलं असतं."

निर्मलाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ती काही बोलली नाही. मला वाटलं बोलायचं नाही म्हणून. तिला बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं की नुसती हवा यायची.

अभिजित आला, कान पकडून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला म्हटलं, "रडू नको. त्याने काय होणार?" तो म्हणाला, परत मंचावर जा, कापसाचं गाणं गा, मी कॉन्सेप्ट मोडतो. निर्मलाने घशाकडे बोट केलं आणि मान हलवली. पिवळ्या गॉगलवाल्याने तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. ते तिच्या नाकातून परत आलं.

दवाखाना

ऑपरेशनपर्यंत आवाज परत येईल असं प्राची म्हणत होती. हळद-दूध दिलं, वाफ दिली. निर्मला पपई खायची आणि खिडकीतून टेकडीकडे बघायची. एकदा मी तिला म्हटलं, "मी गाते, तू नुसती ऐक." कापसाचं गाणं सुरू केलं. दोन ओळींनंतर तिने माझं मनगट धरलं. मला दुसरा आवाजच पाठ होता. पहिल्याशिवाय तो कुठेच जात नाही, नुसता एका सुरावर उभा राहतो. ते गाणं पूर्ण कुणालाच येत नाही आता, तिला सोडून.

प्राची लिमयांकडे गेली, आवाज पळवण्याआधीची मूळ फीत आहे का विचारायला. लिमये म्हणाले, त्याच फितीवर पुढे कीर्तन रेकॉर्ड केलं, तेव्हा फिती महाग होत्या. दुकानात निर्मला गायली ते कुणी फोनमध्ये धरलं होतं का, असं प्राचीने मला विचारलं. कुणी धरलं नव्हतं. प्राची ट्रॅक बघत होती, लिमये चष्मा पुसत होते, मी पुरे म्हणत होते.

ऑपरेशनला सकाळी नेली. संध्याकाळी बाहेर आणली. गळ्याला पुढे छिद्र, नाकात नळी. छिद्रातून श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा, तो फक्त हवेचा. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला जनरल वॉर्डात आणलं.

शेजारच्या खाटेवर हडपसरकडची एक आजी होती, तिच्याजवळ तिची सून बसायची. चांगली बाई. आमच्यासाठी भाकरी आणायची. तिला प्राचीकडून कळलं की ही कोण. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोनवर 'चष्मेवाला पाव्हणा' लावलं आणि फोन निर्मलाच्या उशीशी ठेवला.

निर्मलाने हात वर केला. डावा, सलाईन नसलेला. तो हलवला.

"बघा, बघा, ताल धरत्यात," ती बाई म्हणाली आणि आवाज वाढवला. पलीकडच्या खाटांवरच्या दोघी-तिघी उठून बसल्या. एकीने टाळी धरली. निर्मलाचा हात हलतच होता.

"बंद करा," मी म्हटलं.

"असू द्या की आजी, आवडतंय त्यांना."

"तिला नाही आवडत. बंद करा ते."

तिने बंद केलं. तिचा चेहरा उतरला. त्या दिवशी भाकरी आणली, पण खाटेवर ठेवून गेली. मी तिची समजूत काढली नाही. काय सांगणार होते? सांगायला अर्धा तास लागला असता आणि शेवटी तिला वाटलं असतं की म्हातारी चढेल झाली आहे.

नर्सने निर्मलाला पाटी आणि खडू दिला होता, काही हवं असेल तर लिहायला. निर्मला तिसरी शिकली. तिने पाटी घेतली आणि कोरीच माझ्याकडे परत दिली.

टाके निघाल्यावर आम्ही गावाला परतलो. गळ्यावर रुमाल बांधते ती. डॉक्टरचं म्हणणं आहे गाठ सगळी निघाली. ते बोलायचं मशीन प्राचीने पाठवलं आहे, निर्मलाने ते कपाटात ठेवलं. लोक बघायला येतात, पुणे कसं आहे विचारतात, म्हणून हे लिहिलं.

निर्मला जिवंत आहे. मीही आहे.